सत्काराची मासोळी

मुक्या जिवाशी माणूस कसा वागतो, यावरून त्याच्या संस्कृतीची उंची कळते. हे वाक्य गडचिरोलीतल्या एका सरकारी कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर सोनेरी अक्षरांत रंगवलेलं होतं. त्याच्या बरोबर खाली काचेच्या टाकीत नऊ मासे होते आणि त्यातल्या सात माशांच्या शेपटीखालून लाल दोऱ्यासारखे जंत लोंबत होते. कार्यालय कोणत्या खात्याचं होतं ते सांगून उपयोग नाही. तिथे कामाला येणाऱ्यांनाही ते तीन खोल्या फिरल्यावरच कळत असे.

टाकी साहेबांची होती, म्हणजे सरकारची होती, म्हणजे सुनिल वाढईची होती. सुनिल आवक-जावक शाखेतला कनिष्ठ लिपिक. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि पत्र पुढच्या टेबलावर ढकलायचं, एवढं त्याचं काम. टाकी आली तेव्हा तिचा अतिरिक्त कार्यभार त्याच्याकडे देण्यात आला, कारण त्याच्या टेबलाजवळ प्लग होता. कार्यालयातला एकमेव धड चालणारा कूलरही टाकीकडे तोंड करून ठेवला होता. मे महिन्यात कर्मचारी घामाने निथळत असत आणि मासे गारव्यात हगत असत.

अतुल चिंतलवार साहेब मूळचे आलापल्लीकडचे. खुर्चीत बसले की पुण्याचं बोलत आणि राग आला की घरचं. त्यांना जंत प्रथम दिसले ते एका आमदाराच्या स्वीय सहायकाला टाकी दाखवताना. त्यांना आधी वाटलं, माशांना कोणी राखी बांधली आहे. स्वीय सहायकाने चष्मा लावून पाहिलं आणि चहा न पिता निघून गेला.

"वाढई," साहेब म्हणाले, "तुमच्या विनंती बदलीची फाईल माझ्या टेबलावर आहे."

"हो साहेब."

"पण माझं मन टाकीत आहे. मन फाईलवर येईल तेव्हा सही होईल. मे संपला की बदल्याही संपतात, हे तुम्हाला मी सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. सुनिलची बायको दिव्या राजुऱ्याला एका दवाखान्यात परिचारिका होती. सुनिल शुक्रवारी संध्याकाळची एसटी धरून चंद्रपूरला उतरायचा, तिथून दुसरी गाडी धरून राजुऱ्याला पोचायचा आणि रविवारी उलटा निघायचा. असं चौथं वर्ष चाललं होतं. त्यांची तीन वर्षांची पुनम बापाला बाबा म्हणत नसे. दारात चप्पल वाजली की ती आईला सांगे, "गडचिरोली आली." दिव्या आधी हसायची. आता हसत नव्हती.

शिपाई लालसू हा सगळा संवाद दारातून ऐकत उभा होता. तो भामरागडच्या पलीकडचा, बोलणं मोजकं.

"आमच्या गावात मासोळीले जंत झाले तर शिजवून खाते," तो म्हणाला. "जंताले कोनी इचारत नाई."

"साहेबाले सांग ना मंग."

"मले बदली नाई पाह्यजे," लालसू म्हणाला आणि चहा आणायला गेला.

सुनिल जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टर रीता मसराम एका गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उभ्या होत्या. तशाच अवस्थेत त्यांनी त्याचं ऐकून घेतलं.

"लाल आहे? बारीक? मासा थांबला की बाहेर येते, हलला की आत जाते?"

"हो मॅडम."

"मंग जंतच आहे. शेळीले देतो तेच औषध चालते, पण मोजून. टाकीत पानी किती ते बादलीनं मोजून या. अंदाजे नाई. तुमच्या खात्याचा अंदाज मी पाह्यला आहे."

त्या दिवशी सुनिल त्या नोकरीत पहिल्यांदाच काहीतरी मन लावून शिकला. औषध पाण्यात विरघळवायचं, टाकीवरचा दिवा बंद करून वरून कापड टाकायचं, कारण उजेडात औषध टिकत नाही. जंत मरत नाहीत, लुळे पडतात आणि माशांच्या बाहेर गळतात. दुसऱ्या दिवशी नळीने तळ खेचून ते काढून टाकायचे, नाहीतर मासे तेच खातात. पाणी बदलायचं. पिल्लं आणि अळ्या पहिल्या खेपेला वाचतात, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा हेच सगळं.

"अन् मुख्य म्हंजे," डॉक्टर हात धुता धुता म्हणाल्या, "या तीन आठवड्यांत नवीन मासोळी टाकीत पडली नाई पाह्यजे. आली तर येगळ्या टबात ठेवा, तिलेही औषध द्या, महिनाभर पाहा. मंग टाका. एक जरी तशीच टाकली तर सारी मेहनत नालीत."

मग त्यांनी नोंदवही उघडली. प्राण्याच्या रकान्यात गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि कुक्कुट एवढेच पर्याय छापलेले होते. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि लिहिलं: कुक्कुट, नऊ नग.

औषध मिळालं, पण सुनिलचं तोंड उतरलं. डॉक्टरांना माहीत नव्हतं ते त्याला माहीत होतं. त्या कार्यालयात नवीन मासा न येऊ देणं म्हणजे पावसाळ्यात डास न येऊ देण्यासारखं होतं.

साहेबांनीच गेल्या वर्षी एक परिपत्रक काढलं होतं. पुष्पगुच्छ म्हणजे झाडांची हत्या. यापुढे सत्कार, भेट, अभिनंदन व निरोप या प्रसंगी पुष्पगुच्छाऐवजी जिवंत मासा द्यावा. परिपत्रकाचा गवगवा झाला. नागपूरच्या कोणत्याशा संस्थेने, जिचं कार्यालय एका झेरॉक्सच्या दुकानात होतं, साहेबांना पर्यावरणस्नेही प्रशासक म्हणून पुरस्कार दिला. मग त्या पुरस्काराबद्दल सत्कार सुरू झाले. माजरीहून कंत्राटदार आले, राजुऱ्याहून पतसंस्थेचे संचालक आले, कुठल्या कुठल्या संघटनांचे जिल्हाध्यक्ष आले, आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी होती. सुरुवातीला लोक चंद्रपूरच्या दुकानातून मासे आणत. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की गप्पी मासे डबक्यातही मिळतात. प्लास्टिकबंदीबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही, कारण मासा रुमालात आणता येत नाही.

प्रत्येक सत्काराचा विधी ठरलेला होता. पाहुणा टाकीशी उभा राही, साहेब शेजारी, दोघेही कॅमेऱ्याकडे बघत आणि पिशवी टाकीत उपडी होई. फोटो निघे. जंत कोणाच्या पिशवीतून आले हे सांगणं कठीण होतं. संशयितांची यादी म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रतिष्ठित नागरिकांची यादी होती.

औषधाचा पहिला डोस एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी ठरला. साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी त्याचा शुभारंभ करायचं ठरवलं. लेखा शाखेतल्या कमळाबाईंनी ताटात कुंकू आणलं. औषधाच्या बाटलीला रिबीन बांधली. साहेबांनी पहिले पाच थेंब टाकले, टाळ्या झाल्या, आणि मग टाकीवर कापड टाकायचं म्हटल्यावर साहेब म्हणाले, "कापड टाकल्यावर फोटोत काय दिसणार?"

"साहेब, उजेडात औषध मरते," सुनिल म्हणाला.

"मग फोटो झाल्यावर टाका."

राहिलेलं औषध सुनिलने सगळे गेल्यावर मोजून टाकलं, दिवा बंद केला आणि साहेबांच्याच केबिनमधला पडदा काढून टाकीवर पांघरला. शनिवारी सुट्टी होती, पण तळ खेचायचा होता, म्हणून तो राजुऱ्याला गेला नाही. त्याने दिव्याला फोन केला.

"काऊन येत नाई?" तिने विचारलं.

"मासोळ्यायचे जंत पडून राह्यले. ते काढा लागते."

पलीकडे दवाखान्यात कोणीतरी सिस्टरला हाक मारत होतं.

"माह्या आईनं इचारलं तर काय सांगू?" दिव्या म्हणाली. "जावई काय करते म्हणू?"

"सरकारी काम आहे म्हन."

"ते तर दिसूनच राह्यलं."

शनिवारी दुपारी सुनिल रिकाम्या कार्यालयात गुडघ्यावर बसला आणि नळीने तळ खेचू लागला. बादलीत लाल धागे जमा झाले, सत्तर-ऐंशी तरी असतील. औषधाने काम केलं होतं. माशांच्या शेपट्या स्वच्छ होत्या. त्या इमारतीत गेल्या चार वर्षांत पूर्ण झालेलं ते पहिलं काम होतं, आणि ते बघायला कोणी नव्हतं.

आता प्रश्न तीन आठवड्यांचा होता. रेकॉर्ड रूममध्ये १९८७ सालच्या गठ्ठ्यांच्या मधे सुनिलने एक निळा टब मांडला, त्यात हवेची नळी सोडली आणि भिंतीवर कागद चिकटवला: नवीन मासे इथे. सोमवारी सकाळी पहिलाच पाहुणा आला, कोणत्याशा पतसंस्थेचा लोकेश नावाचा उपाध्यक्ष, आणि त्याची पिशवी सुनिलने टबाकडे वळवली. उपाध्यक्षाला हे अजिबात आवडलं नाही.

"म्हंजे माहा सत्कार गोडाऊनमंधी?"

साहेबांनीही नंतर सुनिलला आत बोलावलं. "फोटो टाकीशीच हवा. टबाशी उभं राहून कोणी सत्कार करतं का? ते धुणं धुतल्यासारखं दिसतं."

सुनिल जागेवर येऊन बसला. समोर टाकी, मागे साहेबांची केबिन, केबिनमध्ये फाईल, फाईलवर सही नाही. मनुष्य हतबल झाला की देवाकडे जातो. सरकारी मनुष्य त्याआधी एक पळवाट शोधतो.

दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्याला त्याने आदराने बाकावर बसवलं, त्याच्या हातातली पिशवी "पाणी बदलून देतो भाऊ" म्हणून आत नेली, मासा टबात सोडला, टाकीतली औषध दिलेली एक नारिंगी मासोळी, मॉली जातीची, जाळीने काढली, त्याच पिशवीत घातली आणि पिशवी पाहुण्याला परत दिली. पाहुण्याने ती टाकीत सोडली. फोटो निघाला. मॉली आपल्या घरी परत गेली. बाहेरचा एकही थेंब टाकीत पडू नये म्हणून त्याने पिशवीसुद्धा आपलीच वापरायला सुरुवात केली.

तीन आठवड्यांत अकरा सत्कार झाले आणि अकराही वेळा तीच मॉली अर्पण झाली. तिच्या शेपटीचा वरचा कोपरा फाटलेला होता. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर ती चारदा झळकली, साहेबांच्या व्हॉट्सॲप गटात रोज. कोणाच्याही काही लक्षात आलं नाही, कारण सत्काराचा फोटो जो तो स्वतःला शोधण्यासाठी बघतो. मॉलीला मात्र सवय झाली. जाळी पाण्यात उतरली की बाकीचे मासे कोपऱ्यात पळत. ही एकटी पुढे येऊन आडवी राही. तिचं पोट सुटलं होतं, चाल संथ झाली होती, आणि सोडल्यावर ती लगेच आत न जाता काचेशी थोडी थांबून मग वळे. लालसू म्हणाला, "हे आता निवडनुकीले उभी राह्यते."

फक्त एकदा सुनिलचा जीव वर आला. भैयाजी आले. भैयाजींकडे कोणतंही पद नव्हतं, पण पद असलेली माणसं त्यांच्यासमोर उभी राहत. त्यांनी स्वतः चंद्रपूरला जाऊन मासा निवडला होता. सुनिलने पिशवी बदलून त्यांच्या हातात दिली. भैयाजींनी ती डोळ्यांपुढे धरली.

"माही मासोळी काळी होती."

कमळाबाईंनी टंकलेखन थांबवलं. साहेब केबिनच्या दारात, चेहऱ्यावर सत्काराचं हसू लावून उभे होते; त्यांना ऐकू गेलं नव्हतं. सुनिलला राजुऱ्याचा बसस्टँड डोळ्यांपुढून मागे जाताना दिसला.

"काळी फोटोत दिसत नाई भाऊ," तो म्हणाला. "मागं पडदा गर्द आहे. तुमी काय सोडून राह्यले ते लोकायले समजलं पाह्यजे ना."

भैयाजींनी विचार केला. ते फोटोच्या बाबतीत अनुभवी होते.

"अन् माही?"

"आत ठेवली आहे, आरामात. तुमची म्हनून येगळी."

"बरं मंग. ही चांगली दिसते." त्यांनी मॉली टाकीत ओतली. "मले डाव्या बाजूनं घेजो बे," ते फोटोवाल्याला म्हणाले.

दुसऱ्या डोसला दोन दिवस उरले असताना साहेबांनी मासे मोजले. कशासाठी, ते कळत नाही. त्यांनी आधी कधीच काही मोजलं नव्हतं. बहुधा वीज गेली होती.

"वाढई, नऊ आणि बारा किती?"

"एकवीस, साहेब."

"टाकीत नऊ आहेत." साहेब अजून पुण्याचंच बोलत होते, पण कडा सुटत चालल्या होत्या. "लोकांनी प्रेमानं दिलेले बारा मासे कुठे गेले? तो लालसू तर नाही ना..."

"नाई साहेब," लालसू दारातून म्हणाला. "मी झिंगे खातो."

सुनिल साहेबांना रेकॉर्ड रूममध्ये घेऊन गेला. साहेबांचा त्या खोलीत पाय पडण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी आधी गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि हे कोणाचं आहे असं विचारलं. मग सुनिलने मोबाईलचा उजेड टबावर धरला. बारा मासे होते. पाचांच्या शेपटीखाली लाल धागे हलत होते.

"हे टाकीत सोडले असते साहेब, तर आपले नऊही पुन्हा तसेच झाले असते. टबातही औषध देतो, पन येळ लागते. आत्ताच सोडा म्हनसान तर सोडतो." तो थांबला. याच्यापुढे बोलायला त्याच्याकडे काही नव्हतं, फक्त चार वर्षं होती.

साहेब वाकून बघत राहिले. बराच वेळ.

"हा काळा कोणाचा?"

"भैयाजीचा."

काळ्या माशाच्या मागे सगळ्यात लांब धागा होता. साहेबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते सुनिलने सत्काराच्या एकाही फोटोत पाहिलं नव्हतं. ते खरं हसू होतं.

"भैयाजीच्या मासोळीले जंत," साहेब घरच्या बोलीत हळूच म्हणाले, जणू चाखून बघत होते. "अन् हा?"

"माजरीचे कंत्राटदार."

"वाटलंच मले."

त्यानंतर साहेब रोज दुपारी जेवण झालं की रेकॉर्ड रूममध्ये येऊ लागले. कोणता मासा कोणाचा हे त्यांनी पाठ केलं. स्वच्छ निघालेल्या माशाबद्दल त्यांना फारशी आस्था नव्हती. ज्याच्या मागे धागा दिसे त्याच्याशी मात्र ते उकिडवे बसून दहा-दहा मिनिटं घालवत. मग बाहेर येऊन त्याच गृहस्थाचा फोन घेत आणि "आपला मासा अगदी मजेत आहे" असं सांगत. माणसाला आपल्या हितचिंतकांची इतकी आतली माहिती सहसा मिळत नाही. बारा मासे टाकीत सोडायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. उलट टबाला औषध जरा उशिरा दिलं तर चालेल का, असं एकदा विचारलं. सुनिल नाही म्हणाला. तेवढा एकच नकार त्याने चार वर्षांत दिला.

दुसरा डोस वेळेवर झाला. आणखी एक शनिवार राजुऱ्याशिवाय गेला. यावेळी तळातून चारच धागे निघाले. टबातलेही मासे एकेक करून सुधारले, तसा साहेबांचा मूड थोडा पडला. मेच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टर मसराम स्वतः येऊन टाकी बघून गेल्या आणि नोंदवहीत लिहिलं: कुक्कुट, प्रकृती उत्तम.

तीस मेला साहेबांनी सुनिलला आत बोलावलं. फाईल उघडी होती.

"शब्द म्हणजे शब्द," साहेब म्हणाले आणि सही केली. खाली त्यांनी आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या, की सदर कर्मचारी कार्यक्षम व संवेदनशील असून त्याच्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. सुनिलला वाकून नमस्कार करावा की नाही ते कळेना. त्याने अर्धा केला. सुट्ट्यांमुळे प्रस्ताव अडकायला नको म्हणून त्याने तो स्वतःच्या हाताने पाकिटात घातला, जावक क्रमांक टाकला आणि लालसूला डाकघरात पिटाळलं. संध्याकाळी एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. राजुऱ्याला दारात चप्पल वाजल्यावर पुनम म्हणाली, "गडचिरोली आली," आणि तो म्हणाला, "आता येत नाई गडचिरोली." दिव्याने भात टाकताना कुकरमध्ये एक वाटी जास्त घातली.

उत्तर जूनच्या मध्यावर आलं. लिफाफ्यावर सुनिलचं नाव होतं म्हणून तो त्याने फोडला आणि वाचला. एरवी आलेली पत्रं वाचण्याची त्या टेबलाची रीत नव्हती, शिक्का मारून पुढे ढकलायची असत. पत्र तीन ओळींचं होतं. कनिष्ठ लिपिक संवर्गातील विनंती बदल्या चालू वर्षी करण्यात येणार नसल्याचे सर्व कार्यालयांना यापूर्वीच कळविण्यात आले आहे. सबब सदर प्रस्ताव मूळ कागदपत्रांसह परत करण्यात येत आहे. सोबत संदर्भाच्या परिपत्रकाची तारीख होती, चार एप्रिल.

सुनिलने आवक नोंदवही मागे चाळली. परिपत्रक नऊ एप्रिलला कार्यालयात पोचलं होतं. आवक क्रमांक ४१२. अक्षर त्याचंच होतं.